काकू, यंदाही नर सापडला नाही

काकू, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

मागच्या डिसेंबरात आमच्या गच्चीवरच्या वालावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारकी कीड, पडला. साबणाचं पाणी मारलं. आठ दिवसांत शेंडे पुन्हा काळेकुट्ट. उभी हयात प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाई औषधाचं नाव सांगतील, एवढ्याच आशेनं तुमचं दार वाजवलं. तुम्ही भिंग घेऊन वर आलात आणि म्हणालात, "यातला नर शोधून दाखव."

रोज सकाळी शोधला. नर नाहीच, पण एका मादीच्या मागून पिल्लू बाहेर येताना दिसलं. अंडं नाही, सरळ जिवंत पिल्लू! आपल्या उबदार हवेत मावा नराशिवायच वाढतो, पिल्लं सगळ्या माद्या, आणि लेक जन्मायच्या आधीच तिच्या पोटात नात वाढत असते, हे ऐकून मी आधी हसले. मग साबणाचं पाणी का पुरलं नाही ते उमगलं. एक जरी वाचली तरी गोतावळा पुन्हा उभा.

जिनिव्हाच्या शार्ल बोने या निसर्ग-अभ्यासकाची गोष्टही तुमचीच. 1740 साली विशीतल्या या पोरानं माव्याचं नुकतंच जन्मलेलं एक पिल्लू एकटं कोंडून ठेवलं, तर तिला 95 पिल्लं झाली. पुढे त्याची नजर अधू झाली, म्हणून तुम्ही मला दर दहा मिनिटांनी भिंग खाली ठेवायला लावायचात.

मग नर हवाच कशाला, असं मी विचारलं. तुम्ही माझ्या माहेरच्या, काटोलच्या बागेवर आलात. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, भरतात. झाडं सगळी एकाच वाणाची, फळ एकसारखं, आणि रोग आला तर तोही सगळ्यांना सारखाच. माव्याचंही तसंच, लेकी सगळ्या आईच्या नकला. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की अनेक जातींच्या माव्यात नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या जन्मतात. ती अंडी हिवाळा काढतात, आणि त्यातून निघणारी पिल्लं एकमेकींच्या नकला नसतात. आपल्याकडे वाल हिरवा आहे तोवर एवढा खटाटोप करतो कोण?

(मधमाशीच्या नराला बाप नसतो पण आजोबा असतो, हे कोडं मी अख्ख्या सासरला घातलं. एकालाही सुटलं नाही.)

आणि ते पानावरचे काळे, काटेरी, बारक्या मगरीसारखे किडे! मी चपलेनं चिरडणार होते. तुम्ही ओरडलात, "काहून मारून राहिली वं त्याले? ढालकिड्याचं पिल्लू आहे ते!" ढालकिडा, म्हणजे तो ठिपक्यांचा लेडीबग. फवारा बंद ठेवला. संक्रांतीपर्यंत त्यांनी बराच मावा फस्त केला आणि आम्ही शेंगा खाल्ल्या. तुम्हाला दिलेल्या मात्र जरा निबर निघाल्या, माफ करा.

आता तुम्ही लेकाकडे पुण्याला. वाल पुन्हा फुलावर आहे, मावाही आलाय. काल अकरा शेंडे पाहिले, नर नाही. भिंग अजून माझ्याकडेच आहे. न्यायला तुम्हीच या, मी पाठवणार नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची