माती आमची, कार्ड भलत्याचं!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली माती परीक्षणाची बातमी वाचली. लगेच लिहायला बसलो असतो तर भाषा बिघडली असती, म्हणून रात्र जाऊ दिली. त्यात कृषी खात्याचे साहेब भाषणात म्हणतात, ठाणे जिल्ह्यातला शेतकरी माती परीक्षणाबाबत 'उदासीन' आहे, त्याच्यात 'जागृती' व्हायला हवी. सभागृहात शेतकरी किती होते ते बातमीत नाही. शाल-श्रीफळ कोणाकोणाला मिळालं ते मात्र नावानिशी आहे. असो.

मी ऐरोलीत राहतो. इथली भातशेती सिडकोने घेतल्याला जमाना झाला. आता इथं माती तपासतात ती टॉवरच्या पायासाठी, आणि तीसुद्धा एकेका प्लॉटवर चार-सहा ठिकाणी भोकं पाडून. 'फ्लॅटमध्ये बसून शेतीच्या गप्पा' असं कोणी म्हणायच्या आत सांगून टाकतो : गावच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, शेती थोरला भाऊ करतो आणि लावणी-कापणीला आम्ही सगळे जातो. गावाचं नाव लिहीत नाही. उगाच एखाद्या कंत्राटी पोराच्या पोटावर पाय यायचा, आणि मोठे लोक नामानिराळे राहायचे.

तर, आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आली, म्हणजे शेताच्या मातीत काय कमी, काय जास्त ते सांगणारं सरकारी कार्ड. आम्हालाच नाही, सगळ्या आळीला आली. दादाने चष्मा लावून ती वाचली, मग शेजारच्यांची मागून घेतली, मग पलीकडच्यांची. आमचा सामू (मातीचा पीएच, म्हणजे ती किती आम्ल ते सांगणारा आकडा) 6.4, त्यांचाही 6.4, पलीकडच्यांचाही 6.4. स्फुरद (फॉस्फरस) तेच, पालाश (पोटॅश) तेच, जस्त तर दशांशापर्यंत तेच. बारा घटक तपासतात म्हणतात, बाराही तंतोतंत. आता या जमिनी कशा आहेत पाहा. एकाची डोंगराच्या अंगाला, तांबूस, मुरमाड, कुदळ मारली की कातळाला खण्णकन वाजते, तिथं नाचणी-वरी होते. दुसऱ्याची ओढ्याकाठी, काळपट, मुठीत दाबली तर बोटांचे ठसे उमटतात. आमची मधली, अर्धी अशी अर्धी तशी. आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या शेण-पाल्याचा मातीतला अंश, सगळ्यांचाच 'जास्त'! दादा म्हणाला, "अरे, बैल विकले, गोठ्याच्या जागी पोराची मोटारसायकल उभी राहते, शेणखत पाहायला मिळत नाही. मग हा कर्ब कोणाच्या पुण्याईने वाढला?"

उलगडा एसटीच्या थांब्यापाशी झाला. थांब्याला लागून एकाचा तुकडा आहे. नमुने घ्यायला आलेला पोरगा तिथेच गाडी लावून उतरला होता. त्या तुकड्याच्या कडेला उकिरडा, आणि तिथूनच त्याने चार फावडी माती ओढून युरियाच्या रिकाम्या गोणीत भरली. हे स्वतः तुकड्याच्या मालकाने हसत हसत सांगितलं. त्याला भारी कौतुक, की आपल्या मातीवर सगळ्या आळीचं कार्ड निघालं!

आता कृषी खात्याचंच पत्रक काढा. त्यात काय लिहिलंय? बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीशेजारी, उकिरड्याजवळ नमुना घेऊ नका. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडून काढा. सगळी एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. ओली असेल तर सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. खताची गोणी वापरू नका हेही आहे. इतकं सुंदर पत्रक आहे की चौकटीत लावावं. पोराला ते कोणी दिलं होतं का, एवढंच विचारायचं राहिलं. पण त्याला तरी काय बोलणार? दिवसाला अमुक इतक्या पिशव्या भर, असं त्याला सांगितलेलं. चिखल तुडवत वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीवर, चढला असता तर आकडा भरला नसता.

समजा त्याने सगळं पत्रकाबरहुकूम केलं असतं, तरी आमचं कार्ड आमचं झालं नसतंच. 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानात सुरतगडला पंतप्रधानांनी ही योजना सुरू केली. तिच्या सूचनांत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला एक नमुना आणि जिरायती क्षेत्रात दहा हेक्टरला एक. आमचं भात पावसाच्या पाण्यावर, म्हणजे आम्ही जिरायतवाले. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे जिरायतवाले! दहा हेक्टर म्हणजे जवळपास पंचवीस एकर. देशावर एका सपाट काळ्या पट्ट्यात ते खपूनही जाईल. आमच्याकडे पंचवीस एकरांत डोंगर सुरू होतो, खाचरं होतात, ओढा येतो आणि पन्नास खातेदारांची भांडणंही मावतात.

गुरांचा डॉक्टर लाळ्या-खुरकूताची लस टोचायला येतो तेव्हा वेशीवरच्या एका म्हशीला टोचून अख्ख्या गावाची नोंद करतो का? नाही. प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, तो पाहून टोचतो. म्हशीला जी स्वतंत्र ओळख आहे ती आमच्या खाचराला नाही. आम्हाला आहे म्हणा, शेतकरी ओळख क्रमांक काढायला लावलाच आहे, सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्या चुलतभावांची मोट बांधून.

साहेबांचा मुहूर्त चुकला असं मी म्हणत नाही. नमुना घ्यायचा तो आताच, दिवाळीच्या आगेमागे, भात कापून झालं की. हळवं (लवकर येणारं) भात कापून झालंय, गरवं (उशिरा येणारं) अजून उभं आहे. जिथं ओल असते तिथं शेत रिकामं झाल्याबरोबर वाल पडतो, हरभरा पडतो. उन्हाळ्यात घेऊ म्हणावं तर राब भाजलेला असतो, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळलेला, आणि राखेने सामू चढलेला. म्हणजे हातात असतात हेच थोडे दिवस. पण खात्याचं सगळं चलनवलन 5 डिसेंबरच्या जागतिक मृदा दिनाकडे डोळे लावून असतं. तोवर वाल-हरभरा उगवून वर आलेला असतो. मग उभ्या पिकात फावडं घालायचं, की पुन्हा थांब्यापाशीच गाडी लावायची?

उदासीन म्हणता? माझ्या पुतण्याने नंतर स्वतः माती काढली. वरकसाची वेगळी, खालच्या खाचरांची वेगळी, पत्रकात लिहिल्याप्रमाणे. पदरचे पैसे भरून तपासायला दिली. वरचीचा सामू निघाला 5.6, खालचीचा 6.7. एकाच कुटुंबाच्या, एकमेकींना लागून असलेल्या जमिनी. वरच्या मातीला चुना हवा, खालचीला नको. आम्लधर्मी तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात, मुळाला मिळू देत नाहीत. म्हणजे चुन्याआधी सुपर फॉस्फेटची पोती ओतणं हे पैसे ओतणंच. हे 6.4 च्या कार्डावरून कोणाला कसं कळावं? आणि अहवाल हातात पडला तेव्हा लावणी उरकून खताचा दुसरा हप्ताही देऊन झाला होता, हे वर.

हाच तो 'उदासीन' शेतकरी. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती लावतो. भातलावणीची चारसूत्री पद्धत आली तेव्हा दादाने युरिया-डीएपीच्या ब्रिकेट गोळ्या रोपांच्या चार चुडांच्या मध्ये हाताने खोचल्या, कंबर धरली तरी खोचल्या. गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवला. ज्यात तथ्य दिसतं ते शेतकरी न सांगता करतो.

आता विषय निघालाच आहे तर खताचंही लिहून टाकतो. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, असं गोणीवरच छापलेलं असतं. पण दुकानात ती एकटी मिळत नाही. तिच्याबरोबर कसलीशी बाटली किंवा विद्राव्य खताचं पाकीट घ्यावंच लागतं. लिंकिंग करू नका, कारवाई करू, असं सरकार दर हंगामाला बजावतं, आणि दुकानदार दर हंगामाला बाटली पुढे सरकवतो. दादाने मागे खरीपाला कार्ड काउंटरवर ठेवून सांगितलं, यात लिहिलंय तेवढंच द्या. दुकानदार म्हणाला, "काका, कार्ड घरी ठेवा, बाटली घ्या." कार्डात झिंक सल्फेट होतं, दुकानात ते नव्हतं, बाटली होती. यावर आपल्या दैनिकात एक ओळ आल्याचं आठवत नाही. पुरवण्यांमध्ये 'निसर्गाच्या कुशीत, हायवे टच' फार्महाऊस प्लॉटच्या जाहिराती मात्र दर शनिवारी पानभर असतात. त्या प्लॉटची माती तपासायची गरज नाही, तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसतात.

साहेबांना माझं मागणं फार नाही. कोकणात वरकस, भातखाचर आणि खाडीकाठची खार जमीन यांचे नमुने वेगळे घ्या, शेताचा मालक हजर असताना घ्या, आणि अहवाल रोहिणी नक्षत्राच्या आत द्या. निदान उकिरडा चुकवा. एवढं करून शेतकरी आला नाही, तर खुशाल उदासीन म्हणा. आणि आपल्या वार्ताहराने पुढच्या वेळी भाषणं ऐकून झाल्यावर एखाद्या शेतकऱ्याला एवढंच विचारावं, की तुमच्या शेतात कोणी आलं होतं का?

कळावे,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

ता. क. : बातमीशेजारी छापलेला फोटो उसाच्या फडाचा होता. आमच्याकडे सध्या भाताची कापणी सुरू आहे. छायाचित्रकाराला पाठवायचं असेल तर कल्याणहून एसटी मिळते. कापणीला माणसं कमी आहेत, विळा आम्ही देऊ.