रेडिओ, पातेलं आणि पिनकोडचे सहा चौकोन

पुणे, सोमवार रात्र

प्रिय शमे,

फोन उचलत नाही म्हणून तुझा रागाचा मेसेज आला तो वाचला, पण बाई उचलू कशी, गेले पंधरा दिवस माझ्या एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात टेम्पोवाल्याशी भांडण असं चाललं होतं. शूट काल संपलं. आज दिवसभर झोपले आणि आता चहा घेऊन बसलेय, तर म्हटलं तुला नीट लांबलचक पत्रच लिहावं, तसंही तुझ्याकडे काम आहे माझं, ते शेवटी सांगते.

शूट साड्यांचं होतं, इरकली आणि नारायणपेठी, आणि थीम काय तर १९६५ सालचा पुण्यातला वाडा. प्रॉप्सला बजेट पंधरा हजार, टेम्पो त्यातच. पहिल्या मीटिंगला साडीवाल्या मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवले, त्यात ग्रामोफोन, टाइपरायटर आणि चक्क जहाजाचं चाक. म्हटलं मॅडम, सदाशिव पेठेत जहाज कुठल्या नदीतून येणार? त्या हसल्या, पण ग्रामोफोनवर अडून बसल्या.

मग काय, गेले मुंबईला, चोरबाजारात. शुक्रवारी मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात हे लक्षात होतं म्हणून शनिवारी गेले, ग्रँट रोडला उतरून चालत. ग्रामोफोन तर प्रत्येक दुकानात, पितळी कर्णा असा चकचकीत की त्यात बघून टिकली लावावी. मी एक उलटा करून बघितला. लाकूड नवं, वर चहाच्या रंगाचं पॉलिश, आणि खाली सगळे स्टार स्क्रू! दुकानदार म्हणे, "मॅडम, अंग्रेज के टाइम का पीस है." अंग्रेज गेल्यावर स्क्रू बसवले असतील मग. शमे, तू कधी घेतलास तर वस्तू आधी उलटी कर, जुन्या मालाचं खरं वय बुडाशी असतं.

रेडिओ मात्र तिथेच मिळाला. मर्फीचा, लाकडी, व्हॉल्व्हवाला, पुढच्या काचेवर स्टेशनांची नावं. विकत साडेसहा हजार म्हणत होता, मी भाड्याने मागितला, तीन दिवसांचे दीड हजार आणि डिपॉझिट वेगळं. तिथले बरेच जण सिनेमावाल्यांना माल भाड्याने देतात त्यामुळे त्यांना हे नवीन नाही, आपणच लाजतो विचारायला. घरी आणून लावला तर काचेमागे कुणीतरी पांढराफट्ट एलईडी बसवलेला, ट्यूबलाइटसारखा. आमच्या इलेक्ट्रिशियनकडून पिवळा छोटा दिवा टाकून घेतला तेव्हा कुठे तो रेडिओ वाटायला लागला. ग्रामोफोनचं मॅडमना मीच समजावलं, की पगारदार माणसाच्या घरात पासष्ट साली रेडिओ हीच मिरवायची वस्तू.

बाकीचा माल आपल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी. (बुधवारीही असतो पण मला टेम्पो मिळाला नाही.) जमिनीवर ताडपत्र्या अंथरून सगळं पसरलेलं, पाने, नळ, रिमोट, एकाच पायाचे बूट, आणि त्यात मधेच एखादी रॉकेलची चिमणी. एका आजोबांकडे दुधाचं माप होतं, "दीडशे वर्षांचं आहे ताई, ब्रिटिशकालीन." काठावर बघितलं तर छाप चक्क लिटरचा. मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, म्हणजे ब्रिटिश वगैरे गप्पाच, पण अगं, मला हवं होतं तेच साल ना ते! पाचशे सांगितले, दोनशेला घेतलं, ब्रिटिशांबद्दल काही बोलले नाही.

आता माझी फजिती ऐक. टेबलावर एक आंतर्देशीय पत्र ठेवायचं होतं, सुनेला माहेरून आलेलं. मी हौसेनं त्यावर शाईच्या पेनानं पत्ता लिहिला, सुकवला, कडा चहात बुडवल्या. शूटच्या आदल्या रात्री बघतेय तर खाली पिनकोडचे सहा चौकोन. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला! रात्री साडेअकराला ते फेकलं आणि साध्या कागदाची घडी घालून ठेवली. कालनिर्णयचंही तेच, मॅडमच्या नवऱ्याने प्रेमानं घरून जुनं आणलं होतं, पण ते निघालंच १९७३ पासून, म्हणून भिंतीवर नुसती लक्ष्मीची तसबीर लावली. फोटोग्राफर म्हणाला, "एवढं कोण बघतं?" अरे, माझी आई बघते! तिच्या मैत्रिणी बघतात, आणि कमेंटमध्ये लिहितातसुद्धा.

सगळ्यात भारी वस्तू मात्र फुकट मिळाली. आत्याच्या माळ्यावरचं पितळी पातेलं. बूड चेपलेलं, आत कल्हई गेलेली, आणि काठाखाली नाव घातलेलं, मशीनचं नाही, छिन्नीनं ठोकलेल्या टिंबाटिंबांचं, "चि. सौ. कुसुम हिस मामाकडून, ता. ९-५-५७". कुसुम म्हणजे आत्याची सासू. सातातलं एक टिंब चुकून खाली घसरलंय, त्या कारागिराचा हात हलला असेल किंवा कुणीतरी हाक मारली असेल, मी कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसले होते.

आणि शूटच्या दिवशी सकाळी आमच्या असिस्टंट पोरानं, बिचाऱ्यानं मदत म्हणून, ते चिंच-मीठ लावून लख्ख घासलं! साठ वर्षांचा काळपटपणा दहा मिनिटांत मोरीत. वर प्रत्येक फोटोत पातेल्यात लाइट आणि फोटोग्राफरची टोपी दिसायला लागली. मी ओरडले नाही, नुसती बसले पायरीवर. मग टाल्कम पावडर फडक्यानं चोळून चमक मारली, आणि नाव अंधाराच्या बाजूला फिरवायला लागलं कारण पावडर टिंबांत जाऊन बसली. फोटो छान आलेत, सगळे म्हणतात. मला फक्त ते नाव दिसत नाही एवढंच दिसतं.

आता काम. पुढच्या महिन्यात दुसरं शूट आहे, त्यात झोपाळा पाहिजे. तुमच्या वाईच्या घरी ओटीवर होता ना, पितळी कड्यांचा, ज्यावर आपण बारावीच्या सुट्टीत कैऱ्या खात पडायचो? पाट नसला तरी चालेल, नुसत्या कड्या दे, भाडं देईन, टेम्पो माझा. काकूंना विचार आणि लगेच कळव. आणि शमे, मी येतेय म्हटल्यावर काकू काय करतील मला माहितेय, तेव्हा आधीच सांगून ठेव, हात जोडून सांगितलंय म्हणावं, कड्या घासू नका.

तुझीच,
मनी