प्लास्टरसोबत अर्धं पान मराठीत द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, पिको-फॉल आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. गेल्या आठवड्यात पलीकडच्या आळीतली एक बाई मुलीचा गणवेश घेऊन आली. मुलगी सायकलवरून पडली, हात मोडला, प्लास्टर बाहीत जात नाही, तेवढी बाही उसवून द्या म्हणाली. मी टेप बाजूला ठेवली आणि आधी पोरीला जवळ घेऊन तिची बोटं बघितली. गार पडलीत का, फुगलीत का, पाचही हलतात का. बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिला विचारलं, "हे बघत राहा म्हणून दवाखान्यात सांगितलं होतं का?" म्हणाली, "नाही हो. सोमवारी परत बोलावलंय." म्हणून हे पत्र लिहायला बसले.

गेल्या जानेवारीची गोष्ट. उसाचा हंगाम जोरात होता. फाट्यावर ट्रॉल्या उभ्या असल्या की पोरं मागून कांडं उपसतात, आम्हीही उपसली आहेत. माझा धाकटा, सात वर्षांचा, दुसरीत. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर चढला, ऊस ओढला आणि उसासकट खाली आला. पडताना डावा हात टेकला. मी पोचले तेव्हा कोपराच्या वर हात भलतीकडेच वळलेला होता. ऊस मात्र त्याने सोडला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, हाडवैद्याकडे न्या, कामट्या बांधून मोकळं करतो. आमचे हे म्हणाले, आधी फोटो काढू. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात गेलो. एक्स-रे निघाला, कोपराच्या वरचं हाड पूर्ण तुटून सरकलेलं. उद्या साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून त्यांनी हात चांगला दुमडून स्लॅब, म्हणजे एका बाजूचं अर्धं प्लास्टर लावला, वरून क्रेप बँडेज गुंडाळलं आणि दुखण्याचं पातळ औषध दिलं. साडेपाचला आम्ही घरी. आता काही होत नाही, या भरवशावर मी चहा टाकला.

दहाच्या सुमाराला कण्हणं सुरू झालं. औषध दिलं. साडेअकराला पोर किंचाळायला लागलं, "आई, हात फुटतोय गं, सोड ना." सासूबाई म्हणाल्या, हाड मोडलंय, दुखणारच. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. थंडी होती म्हणून हात गोधडीत घ्यावा, एवढ्यासाठी मी त्याची वळलेली बोटं जरा सरळ करायला गेले, तर त्याने अशी आरोळी ठोकली की शेजारचे उठून आले. मी त्याला उचलून मशीनपाशी नेलं. मशीनचा दिवा सुईत दोरा ओवण्यासाठी असतो, त्याच्याखाली काही लपत नाही. दोन्ही हात शेजारी शेजारी धरले. उजव्याची नखं गुलाबी. डाव्याची बोटं भिजलेल्या शेंगांसारखी टरारलेली, तकतकीत, नखं निळसर. नख दाबलं तर पांढरं व्हायचं आणि पांढरंच राहायचं.

आमच्या ह्यांचा पिकअप आहे म्हणून बरं. पाचवड, आनेवाडीचा टोलनाका, साताऱ्यापर्यंत पोर रडत होतं. एक वाजता पोचलो. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी कागद मागितला नाही, पैसे मागितले नाहीत. बोटं बघितली, कात्री घेतली आणि बँडेज, खालचा कापूस, सगळं वरपासून खालपर्यंत कातडीपर्यंत कापून काढलं, दुमडलेला हात जरा मोकळा केला. खाली तीन करकोचे पडले होते, त्यात माझी करंगळी बसली असती. दहा-पंधरा मिनिटांत पोराचं रडणं थांबलं आणि ते स्ट्रेचरवरच झोपलं. हाड तसंच मोडलेलं होतं. म्हणजे इतका वेळ ते हाडासाठी रडतच नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं ते मला माझ्या धंद्यातून लगेच कळलं. आम्ही शिवणीत माया सोडतो, अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. मोडलेला हात पहिले एक-दोन दिवस भरतच जातो आणि त्या पट्टीत मायाच ठेवलेली नव्हती. आतली सूज बाहेर यायला जागा नाही, मग ती आतल्या आत स्नायू आवळते, रक्त पोचू देत नाही. असे काही तास गेले की स्नायू मरायला लागतात आणि पंजा आकसून पंज्यासारखा राहत नाही. आपण कामट्यांना नावं ठेवतो, ठेवायलाच हवीत. पण घट्ट गुंडाळलेलं क्रेप बँडेजही तेच करतं, मग ते एक्स-रे मशीन असलेल्या दवाखान्यातलं का असेना.

सकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी पोराला विचारलं, "दगड-कागद-कात्री येते का?" मला वाटलं, रमवतायत. मूठ झाली. पंजा उघडला. कात्री झाली. मग म्हणाले, "आता अंगठा आणि हे बोट जोडून गोल कर, छान म्हणताना करतात तसा." तो गोल होईना. दोन्ही बोटांची टोकं वाकतच नव्हती, नुसती चपटी एकमेकांना टेकत होती. प्रत्येक खेळीमागे बोटं हलवणारी एक नस असते आणि या गोलाची नस हाडाच्या टोकाने दुखावली होती. बहुतेक परत येते, म्हणाले. "बहुतेक" हा शब्द मी पुढे अडीच महिने उशाशी घेऊन झोपले.

भूल देऊन हाड बसवलं, कोपराच्या बाहेरच्या बाजूने दोन तारा घातल्या, चिरफाड नाही. तारांची टोकं कातडीबाहेर वाकवून ठेवलेली, त्यावर सैल स्लॅब. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात पडलं. सगळं इंग्रजीत. हस्ताक्षराबद्दल बोलत नाही. शेवटची ओळ मी भाचीला फोटो काढून पाठवली, ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मावशी, रिव्ह्यू एसओएस लिहिलंय. म्हणजे गरज पडली तर दाखवा."

गरज पडली हे मला कसं कळावं? त्या रात्री गरज पडलीच होती आणि घरातल्या तीन शहाण्या माणसांना ती कळली नव्हती. मशीनला दिवा नसता तर सकाळपर्यंत आम्ही "दुखणारच" म्हणत बसलो असतो.

माझ्या पोराला वाचवलेल्या डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, आणि पहिल्या दवाखान्याचं नावही लिहीत नाही. पोराला ताप आला तर उद्या तिथेच जायचं आहे. पण दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात असा आपल्या राज्यात कायदा आहे. पोराच्या हातासोबत जो कागद घरी येतो तो मात्र आईला वाचता येत नाही.

भाचीनेच सांगितलं, आवळलेल्या पट्टीने हात आकसतो त्याला व्होल्कमन नावाच्या जर्मन सर्जनचं नाव आहे. त्याने हे १८८१ साली लिहून ठेवलं. हा माणूस टोपणनावाने मुलांसाठी परीकथाही लिहायचा म्हणे! तिकडे एवढी जुनी झालेली गोष्ट आमच्या तालुक्यात अजून अर्ध्या पानावर उतरली नाही.

पुढचंही सांगते, कारण कार्डात तेही नव्हतं. साधारण साडेतीन आठवड्यांनी तारा ओपीडीतच काढल्या. मीच डोळे मिटले, त्याने नाही. हात काटकोनात आखडलेला. मग गावच्या सल्ल्यांना सुरुवात झाली. मोहरीच्या तेलाने रगडा. वाळूची बादली धरायला लावा. झोपेत ओढून सरळ करा. सासूबाईंनी तेल कोमट करून आणलंसुद्धा. सुदैवाने त्या वेळी मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं: मुलाचं कोपर रगडायचं नाही, ओढायचं नाही, वजनाने ताणायचं नाही. रगडण्याने उलट आतल्या स्नायूत हाड धरू शकतं. त्याचं त्याला खेळू द्या, तो स्वतःच हलवेल, महिने लागतील. तेल मी सासूबाईंच्याच गुडघ्यांना लावलं. त्यांनाही बरं वाटलं आणि विषय मिटला.

त्या गोलासाठी मी त्याला बटणांचा डबा दिला. आधी कोटाची मोठी बटणं उचलायची, मग शर्टाची, मग हूक. सासूबाईंनी शेंगा फोडायला बसवला, त्यांचा उपाय माझ्यापेक्षा सरस निघाला कारण दाणे खायला मिळत होते. फेब्रुवारीत हूक दहादा पडायचा. पाडव्याच्या आदल्या दिवशी साखरेच्या गाठीची माळ हातात घेऊन तो आला, "आई, बघ," आणि अंगठा-तर्जनीचा गोल करून त्यातून माझ्याकडे बघायला लागला. मी ब्लाउजची बाही उलटी जोडली त्या दिवशी. जूनमध्ये गणवेशाचं माप घेतलं तेव्हा हात जवळजवळ सरळ झाला होता. डाव्या दंडाचा घेर अजून पाव इंच कमी भरला.

तर माझं मागणं एवढंच आहे. जिथे म्हणून मुलाच्या हातापायाला प्लास्टर किंवा स्लॅब लागतो, तिथे त्यासोबत अर्धं पान छापील मराठी द्यावं. त्यात काय हवं ते मला पाठ झालं आहे. पहिले दोन दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा उठून, दुसऱ्या हाताशी ताडून बघा. बोटं गार, निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, हलेनात, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी होईना, औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं किंवा बोट हलकेच सरळ करताना पोर किंचाळलं, तर सकाळची वाट बघू नका, तसेच निघा. प्लास्टर भिजवू नका, खाज सुटली म्हणून आत फूटपट्टी-सुई घालू नका (आमच्याकडे माझी क्रोशाची सुई सापडली). तारा असतील तिथे लाली, पू किंवा ताप आला तर लगेच दाखवा. आणि प्लास्टर निघाल्यावर रगडू नका. खाली रात्री उचलला जाईल असा फोन नंबर.

हा मजकूर मी फुलस्केपवर लिहिला, साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवून दोन ओळी दुरुस्त करून घेतल्या आणि पन्नास झेरॉक्स काढल्या. त्या बाईच्या मुलीची बोटं गरम होती, छान हलत होती. बाही काखेपर्यंत उसवून झबल्यासारखे बंद लावून दिले आणि एक प्रत घडी करून गणवेशाच्या खिशात घातली. दहा प्रती घेऊन मी त्या पहिल्या दवाखान्यात गेले. कंपाउंडरने त्या घेतल्या, न वाचता ड्रॉवरमध्ये ठेवल्या. पुढच्या बुधवारी त्यातल्या किती उरल्यात ते बघून येणार आहे.

आपली,
एक वाचक, वाई तालुका, जि. सातारा
(वर सांगितलेल्या कारणासाठी नाव छापू नये, ही विनंती.)