'कुणी काढलं आणि कधी?' असं विचारणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

शासकीय प्रकाशनांच्या कपाटापाशी आलेला वाचक विषय सांगतो. तुम्ही त्याला आधी विचारता, हे काढलं कुणी आणि कोणत्या साली? या एका प्रश्नाबद्दल आम्हा वाचकांना तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत. ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे ग्रंथसूचीत, ही प्रकाशनं बहुधा ती काढणाऱ्या कार्यालयाच्या नावावर नोंदलेली असतात. त्यामुळे 'मंडल' शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि १९८० चा तो अहवाल 'मागासवर्ग आयोग' या नावाखाली तिथंच असतो.

सर्वाधिक ऋण जिल्ह्यांच्या बाबतीतलं. नंदुरबारची जुनी माहिती हवी असेल, तर १८८० चा गॅझेटिअरचा बारावा खंड काढायचा, आणि त्यावर नाव असतं खानदेश. १९९१ च्या जनगणनेत हाच भाग धुळे जिल्ह्यात शोधावा लागतो, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. पालघर २०१४ चा, म्हणून २०११ चे त्याचे आकडे ठाण्याच्या पुस्तिकेत. दोन जनगणनांमधले जिल्ह्याचे आकडे तसेच शेजारी मांडले, तर लोकसंख्या अचानक घटल्यासारखी दिसते. घटलेली असते फक्त हद्द. अशा वेळी तालुक्यांची, गरज पडली तर गावांची बेरीज करायची. २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत सोयीसुविधा भाग १२-अ मध्ये आणि लोकसंख्येचा गोषवारा १२-ब मध्ये आहे. एकाच नावाची गावं अनेक असतात, म्हणून गावाचा संकेतांकही टिपून ठेवायचा; मात्र २००१ आणि २०११ चे संकेतांक वेगळे आहेत.

शासन निर्णयाच्या माथ्यावर 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ती मागे नेते. पुढे काय झालं, हे तो कागद सांगू शकत नाही. शुद्धिपत्रक निघालं का, निर्णय अधिक्रमित झाला का, म्हणजे नव्या निर्णयाने त्याची जागा घेतली का, हे पाहिल्याशिवाय तुम्ही कुणाला छायाप्रत घेऊ दिली नाहीत, हे फार मोलाचं. शासनाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून निर्णय सापडला नाही, तर विभाग आणि तारखांची मर्यादा निवडून शोधायचं, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानेही निर्णय निसटतो. निर्णयाचा अठरा आकडी संकेतांक हाती असेल तर उत्तमच. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस.

भारताच्या राजपत्रात अधिनियम भाग दोनच्या खंड १ मध्ये, विधेयकं खंड २ मध्ये आणि केंद्राचे नियम व आदेश खंड ३ मध्ये. साप्ताहिक आणि असाधारण अंकांचे क्रमांक वेगळे चालतात, म्हणून नुसता अंक क्रमांक लिहून भागत नाही. अंकावर शकाची तारीखही असते; इसवी सन काढायला पौष १० पर्यंत शकात ७८ मिळवायचे, पौष ११ पासून ७९. हे तुम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावलंत, त्याचा उपयोग रोज होतो.

तिथंच जुन्या-नव्या नावांचीही एक यादी लावावी, ही विनंती. कुलाबा म्हणजे रायगड, हे नव्या वाचकाला ठाऊक नसतं. ती यादी तयार करायला आम्ही येऊ.

आपले,
संदर्भ विभागाचे वाचक