बैलाचा बाप कोण, ते पण छापा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शर्यतीची बातमी आली की बैलजोडीचं नाव, मालक, गाव, गाडीवान, बक्षीस कितीचं, फायनलला कोण कितव्या नंबरला, सगळं बारकाईनं येतं, फोटोतला गुलाल पण दिसतो. पण त्या बैलाचा बाप कोण आणि आई कुणाच्या दावणीची हे मी आजपर्यंत एकदाही वाचलेलं नाही. कोल्हापुरात पैलवान दिसला की पहिला प्रश्न तालीम कुठली आणि दुसरा वस्ताद कोण. बैलाला मात्र आपण शिंगं बघतो, वशिंड बघतो, तोंड उघडून आदत का दोनदाती ते बघतो आणि मालक "एक नंबर अवलाद आहे" म्हणाला की पैसे मोजून मोकळे.

हे आत्ता डोक्यात यायचं कारण माझा भाचा. तो न्यूझीलंडला पार खालच्या टोकाला साऊथलंडमध्ये डेअरी फार्मवर कामाला आहे. तिकडच्या नॅशनल लायब्ररीनं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे पेपर ऑनलाईन टाकलेत, फुकट वाचता येतात, त्यातल्या जाहिरातींचे फोटो त्यानं मला व्हॉट्सॲपवर पाठवले. जाहिराती कसल्या, तर वळू घोड्यांच्या! ओढकामाचे क्लाईड्सडेल घोडे. त्यात घोड्याचं नाव, रंग, बाप, बापाचा बाप, आई, आईचा बाप, कुठल्या प्रदर्शनात कितवा आला, मग सोमवारी अमक्याच्या शेतावर, मंगळवारी तमक्या गावात मुक्काम, फी किती आणि ती कधी भरायची, सगळं छापलेलं. घोड्याबरोबर मोतद्दार असायचा, तो त्याला चालवत शेतोशेती फिरवायचा आणि घोड्या जागेवर भरवल्या जायच्या. मोतद्दाराचे पैसे बऱ्याचदा वेगळे. त्यांचा वसंत आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, त्या सीझनला पेपरात अशा जाहिरातींचे रकानेच्या रकाने. घोडी अकरा महिने गाभण राहते, म्हणून पुढच्या वसंतात शिंगरू.

त्या नादात मी जरा जास्तच वाचत बसलो (बायको म्हणाली आता घोडा घेऊन या घरी). ओटागो म्हणजे डुनेडिनचा भाग, तिथं स्कॉटलंडची माणसं 1848 ला जहाजानं जाऊन वसली. ती जमीन मोकळी पडलेली नव्हती बरं का, न्गाई ताहू या माओरी लोकांची होती, काही लाख एकर 1844 ला 2,400 पौंडात घेतली, आपल्याला इंग्रज माहीत आहेत त्यामुळं त्यावर जास्त बोलायला नको. तर सुरवातीला तिथं पण बैलच होते! नवीन रान फोडायला बैल आणि चिखलातनं ओढायला पण बैल. मग 1861 ला सोनं सापडलं, हातात पैसा आला, गहू आणि ओटचं रान वाढलं, दोन फाळाचे नांगर आणि पुढं कापणी-बांधणीची यंत्रं आली, त्याला बैलाची चाल कमी पडायला लागली. म्हणून त्यांनी आपल्या मायदेशातनं, क्लाईड नदीच्या खोऱ्यातनं, हे घोडे मागवले. शिडाच्या जहाजात तीनेक महिने घोडा खणात उभाच, समुद्र खवळला की पोटाखालनं पट्टे बांधून धरायचं, आणि वाटेत मेला तर पैसे समुद्रात. एवढं करून आलेल्या वळूचा कागद कोण हरवणार हो? चांगल्या घोड्या कमी होत्या म्हणून गावातल्या मिसळ घोड्या त्या वळूकडनं भरवायच्या, तिची लेक परत चांगल्या वळूला, तिची लेक परत, असं करत ठराविक पिढ्यांनी ती वंशावळीच्या पुस्तकात बसायची. पण त्यासाठी प्रत्येक पिढीचा बाप लिहिलेला पाहिजे. मधली एक पिढी लिहायची राहिली की मागचं सगळं वाया.

या घोड्यांची वंशावळ ठेवणारी सोसायटी स्कॉटलंडमध्ये झाली 1877 ला आणि न्यूझीलंडनं स्वतःची काढली 1911 ला. त्याच वर्षी न्यूझीलंडात चार लाखाच्या आसपास घोडे होते, ओढायचे आणि बसायचे सगळे धरून, आणि स्कॉटलंडकडनं त्या एका वर्षात 1,617 वळू परदेशी गेले. त्या सुमारास ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडं सरकारी व्हेट वळू घोडे तपासून सर्टिफिकेट द्यायला लागले, पायाच्या हाडाला गाठ आहे का, श्वासाला घरघर लागते का, म्हणजे बापाकडनं पोराला जाणारे दोष.

आता कुणी म्हणेल हा माणूस गोऱ्यांचं कौतुक करतोय. तसं नाही, त्यांनी पण घोटाळे केलेत. 'शुद्ध' म्हणायचं आणि शायर या इंग्लंडच्या ओढकामाच्या घोड्यांच्या जातीचं रक्त आत घ्यायचं. लॉरेन्स ड्रू म्हणून स्कॉटलंडचा नावाजलेला घोडेवाला, त्याच्याकडं प्रिन्स ऑफ वेल्स नावाचा गाजलेला वळू होता, तो तर उघड म्हणायचा की शायर आणि क्लाईड्सडेल मुळात एकच, आणि सोसायटीशी जमेना म्हणून 1883 ला दुसरी सोसायटी उभी राहिली. (वाचून मला आपल्याकडच्या मंडळांची आठवण झाली.) दुसरं म्हणजे प्रदर्शनाचा नाद. या घोड्यांच्या गुडघ्याखाली लांब रेशमी केस असतात, दिसायला झकास, पण ओल्या रानात त्या केसांत चिखल बसून कातडं खराब होतं, खाज सुटते, औत धरणारा वैतागतो. बक्षीस मात्र केसाला! म्हणजे ज्याला ढाल देता ती गोष्ट जातीत वाढत जाते, कामाला उपयोगी असो वा नसो.

आणि हेच मला आपल्या खिलार जातीच्या बैलांबद्दल बोलायचंय. शर्यतीवर 2014 ला बंदी आली तेव्हा आमच्या गावात लोकांनी चांगली खोंडं मिळेल त्या भावात काढून टाकली, मी पण त्यातला एक आहे. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शिक्का मारला, आणि बाजार असा उसळला की विचारू नका. शर्यत वाईट असं मी म्हणत नाही, शर्यत नसती तर खिलार कधीच संपला असता. पण आता जो तो नुसतं पळणं बघतोय. हलकं अंग, लांब पाय, तापट डोकं. उसाची गाडी ओढणारा, कुळवाला दिवसभर शांत चालणारा खांदा कुणाच्या अवलादीत आहे हे जुन्या चार म्हाताऱ्यांना माहीत आहे, ते गेले की विषय संपला.

यात एक गंमत आहे ती लोकांच्या लक्षात येत नाही. औताचा बैल खच्ची केलेला असतो, म्हणजे तो किती चांगला निघाला हे कळतं तेव्हा त्याच्यापासून पैदास व्हायची वेळ गेलेली असते. मग काय करायचं, तर त्याच्या बापाला शोधायचं, बाप नसेल तर सख्खा भाऊ कुठं वळू म्हणून ठेवलाय का बघायचं. घोड्यांत पण असंच, शेतात राबणारे नर बहुतेक खच्ची. तिथला माणूस पुस्तक उघडून बघायचा. आपण कुठं बघायचं?

तीन वर्षांपूर्वी मी एका बाजारातनं खोंड घेतला. दलालानं छातीठोक एका नावाजलेल्या वळूचं नाव सांगितलं, मी पण भुललो आणि वरचे वीस हजार जास्त मोजले. नंतर त्या वळूच्या गावात पाहुण्याकडं जाणं झालं, सहज विषय काढला तर कळलं की माझा खोंड जन्मायच्या दीड वर्ष आधीच तो वळू विकून गेला होता. गाय नऊ महिन्यात वेते हो, दीड वर्ष नाही! हसावं का रडावं. खोंड वाईट नाही, पण कुणाचा आहे ते देवाला माहीत.

सरकारनं 30 सप्टेंबर 2024 ला देशी गायीला राज्यमाता केलं, चांगलं आहे. कानात बारा आकडी पिवळा टॅग पण आहे. इंजेक्शननं भरवली तर वीर्याच्या कांडीवर वळूचा नंबर असतो, ते पण ठीक. पण गावच्या वळूकडनं भरवली, आणि खिलारवाले अजून बरेचसे तसंच करतात, तर माझ्या गाईच्या नोंदीत बापाचा रकाना कोराच आहे. राज्यमातेच्या पोराचा बाप अज्ञात!

म्हणून साहेब विनंती अशी की सरकारची वाट न बघता आपल्या पेपरानं महिन्यातनं एकदा अर्धा रकाना द्यावा. गाव, वळूचं नाव, वय, टॅग नंबर, बाप, आई, आईचा बाप, एवढंच. मालकाला माहीत नसेल तिथं 'माहीत नाही' असं स्पष्ट छापायचं, बढाई नको. खोटं छापून आलं तर शेजारच्या गावातला कुणीतरी पुढच्या महिन्यात पत्र लिहून उघडं पाडेल, आपल्या जिल्ह्यात त्याला काही कमी नाही. शर्यतीच्या बातमीत पण जिंकलेल्या बैलाच्या नावापुढं बापाचं नाव टाकायला दोन शब्दांची जागा लागते.

सुरवात माझ्यापासून करा. वळू राजा, वय पाच, रंग कोसा, गाव करवीर तालुक्यात. आई माझ्याच दावणीची, आईचा बाप आमच्या चुलत्यांचा जुना वळू. बाप माहीत नाही.

आपला,
एक खिलारवाला वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर