सुभेदार काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. बॅगपाईपची आतली मापं घेऊ दिलीत त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की रे" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

बॅगपाईप आपल्या बेळगावला काय नवीन नाही, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच इथं, त्यामुळं पाईप बँड ऐकतच मोठं झालो आपण. पण तो घरी बनवायचा म्हटलं की गाडी मापांवर अडते. बाहेरची मापं व्हर्नियर लावला की मिळतात हो, खरा खेळ आत आहे. चँटरचं, म्हणजे बोटांनी सूर वाजवायच्या नळीचं, बोअर (आतलं भोक) वर साधारण 4 मिलिमीटर आणि खालच्या तोंडाला 20च्या वर, सनईसारखं निमुळतं, आणि त्यात जरा कुठं फरक पडला की नऊ सुरांतला एखादा बेसूर होऊन बसतो. ही आतली मापं मागितली की मेकर लोक गप्प होतात. त्यांचं पोट आहे त्यावर, मान्य, पण एखादा पाईप करणारा हौशी माणूस कुणाचा धंदा बुडवणार? इंग्लंडात नॉर्थम्ब्रियन पाईपची (तिथल्या उत्तर भागातला बॅगपाईप) मापं कॉक्स आणि ब्रायन यांनी 1967 सालीच ड्रॉइंगसकट पुस्तकात छापून टाकली.

तुम्ही तर स्वतःचा चँटरच हातात दिलात. उद्यमबागेत लेथवर सळ्या करून घ्यायला लावल्यात, टोकाला ठराविक मापाची चकती, खालच्या तोंडातून हळूच आत सोडायची, टेकली की तिथपर्यंतची खोली लिहायची, मग त्याहून बारीक चकती, असं करत वरपर्यंत, आणि "जोर लावू नको, आत चरा पडेल" हे तुमचं चालूच. लाकूड सुकून बोअर लंबगोल होतं आणि चकती अरुंद बाजूला अडते हे मला कुठनं कळणार होतं काका? चँटर कधीचा, रीड (सूर काढणारी पत्ती) कुठली, हे पण कागदावर लिहायला लावलंत ते फार बरं झालं, कारण आजचा ए सूर 470-480 हर्ट्झच्या घरात वाजतो, जुने चँटर त्याच्या बरेच खाली, मग नुसते आकडे घेऊन माणूस करणार काय!

त्या मापांवरनं रीमर (बोअर निमुळतं कोरायचं हत्यार) घासून झालाय, शिसवीचा तुकडा खानापुरातनं आणलाय. तक्ता स्वच्छ काढून ठेवलाय, कुणी मागितला की तुम्ही सांगितलात तसा फुकट देतो. पाऊस सरून लाकूड जरा कोरडं झालं की ड्रोनची (एकच सूर धरून राहणाऱ्या नळ्यांची) मापं घ्यायला येतो, सळ्या घेऊनच.