चिनू, एअरलाइन की कॉर्पोरेट जेट, सही करायच्या आधी हे वाच

चिनू,

तू पाठवलेली दोन्ही ऑफर लेटर वाचली. फोनवर तुझं सगळं पगार आणि सुट्ट्या ह्याभोवतीच चाललं होतं आणि मी काही बोलायला गेले की तू मधेच तोडतोस, म्हणून सरळ लिहूनच पाठवते. बाबा म्हणतात त्याचं त्याला ठरवू दे. ठरव ना, पण मी आधी एअरलाइनच्या क्रू शेड्युलिंगला होते आणि नंतर बिझनेस जेटवाल्यांच्या ऑपरेशन्स डेस्कवर, दोन्हीकडचे पायलट रोज बघितलेत, त्यामुळे मला गप्प बसवत नाहीये.

एअरलाइनचं आधी सांगते. बहुतेक एअरलाइनमध्ये सगळं सीनियॉरिटी नंबरवर चालतं. तू कुठल्या तारखेला जॉइन झालास त्यावर नंबर, आणि मग कुठलं विमान, कुठला बेस, सणाला घरी कोण, कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कधी मिळणार हे त्या नंबरवर. तू लँडिंग कितीही सुंदर कर, त्याने नंबर एकानेही वर सरकत नाही. तुला हे खटकणार मला माहितीये. पण त्याच नंबरमुळे तिथे कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही, हे पण बघ. सुरुवातीची वर्षं स्टँडबाय, पहाटेचे फोन, जी ड्यूटी कोणाला नको ती तुला, हे धरूनच चाल. आणि कंपनी बदलली की हा नंबर सोबत येत नाही, मुरलेले कॅप्टन दुसरीकडे जाऊन परत उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसलेले मी पाहिलेत. म्हणजे "चार-पाच वर्षं कॉर्पोरेट करतो, मग एअरलाइनला जातो" असं तू जे म्हणालास ना, त्यात ती चार-पाच वर्षं तुझ्या मागून जॉइन झालेली मुलं तुझ्या पुढे गेलेली असतील, कायमची. हा हिशोब तू केलेला दिसत नाही.

आता कॉर्पोरेट. तुला जे आवडलंय ते मला कळतं. गल्फस्ट्रीम जी 650 सारखं विमान 51,000 फुटांवर जातं, खाली सगळी एअरलाइन ट्रॅफिक दिसते, आज एक शहर उद्या दुसरंच, कधी स्वित्झर्लंडच्या समेदानसारखं दरीतलं 1,707 मीटर उंचीवरचं एअरपोर्ट. एअरलाइनमध्ये त्याच त्या सेक्टरवर आयुष्य जातं असं तू म्हणतोस ते खोटं नाही.

पण दिवसभर काय चालतं ते ऐक. पॅसेंजर उतरले की को-पायलट केबिनमध्ये जातो, सीटबेल्ट नीट लावून ठेवतो, कॉफीचे फ्लास्क रिकामे करतो, टॉयलेट सर्व्हिस आली का बघतो, फ्युएलचं सांगतो, बॅगा त्यानेच उतरवलेल्या असतात. मग लाउंजमध्ये बसून मीटिंग संपायची वाट. चारला निघायचं असतं, सहा वाजतात, साडेसात वाजतात, आणि मी डेस्कवर पायलटचा ड्यूटी टाइम, म्हणजे नियमाने तो किती तास कामावर राहू शकतो ते, मोजत बसलेली असते की आता अजून किती ताणता येईल. कामात कमीपणा काही नाही. पण साडेसातला ओनर येतो, थकलेला, घरी जायची घाई, आणि त्याच्या तोंडावर "सर, आज नाही जाता येणार" हे कोणीतरी म्हणायचं असतं. चिनू, मला बोलायचंय ते ह्या एका वाक्याबद्दल.

एअरलाइनमध्ये पायलटने नाही म्हटलं की ते शेड्युलिंगकडे येतं, आम्ही दुसरा क्रू शोधतो, नाहीतर फ्लाइट कॅन्सल, प्रवासी चिडतात, पण त्या पायलटला ओळखतही नाहीत. कॉर्पोरेटमध्ये ज्याला नाही म्हणायचं तोच पगार देतो आणि चार फुटांवर उभा असतो.

29 मार्च 2001 ला अमेरिकेत ॲस्पेनला एक चार्टर गल्फस्ट्रीम III पडलं, 18 जण गेले. संध्याकाळ, हवा खराब, डोंगर, आणि ज्याने विमान घेतलं होतं त्याला तिथेच उतरायचं होतं. चौकशीत कॅप्टनवर ग्राहकाचं प्रेशर होतं हे कारणांमध्ये लिहिलंय.

दुसरं तर मला जास्त छळतं. 31 मे 2014, अमेरिकेतलंच बेडफर्ड, गल्फस्ट्रीम IV. गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावतात तो, काढायचाच राहिला, कंट्रोल लॉक असतानाच टेकऑफ रोल सुरू केला, विमान रनवेच्या बाहेर गेलं, सातही जण गेले. तपासात आधीच्या 175 टेकऑफचा डेटा काढला तर 98 टक्के वेळा कंट्रोलचा पूर्ण चेक केलेलाच नव्हता. दोघंही अनुभवी, वर्षानुवर्षं एकमेकांबरोबरच उडणारे. चेक सुटतोय हे सांगायला तिसरं कोणी नव्हतं. एअरलाइनमध्ये आज हा कॅप्टन उद्या तो, दर फ्लाइटचा डेटा कोणीतरी बघत असतं, एखादी वाईट सवय लागली तर ती कोणाच्या तरी नजरेत येते.

ह्याचा अर्थ कॉर्पोरेट वाईट असा काढू नकोस. उत्तम फ्लाइट डिपार्टमेंट आहेत, तिथले पायलट मला माहितीयेत, वर्षानुवर्षं एकाच घराण्याचं विमान उडवतात आणि सुखी आहेत. पण ते तिथे गेले तेव्हा त्यांच्यामागे अनुभव होता, नाही म्हणायला लागणारं वजन होतं. तुझ्याकडे ते अजून नाही, म्हणून माझं मत विचारशील तर आत्ता एअरलाइन.

नोकरी टिकण्याचं म्हणशील तर दोन्हीकडे भरवसा नाही. 2020 मध्ये एअरलाइनवाले घरी बसले, आणि 2008 ला अमेरिकेतल्या मोठ्या मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला प्रायव्हेट जेटने गेले, त्यावर इतकी बोंब झाली की विमानं विकायची वेळ आली. बाँडची कलमं मात्र दोन्हीकडची नीट वाच, टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचे, पैसे कधी परत द्यावे लागतात ते.

तरीही कॉर्पोरेटकडेच मन ओढत असेल तर मंगळवारी त्यांच्या चीफ पायलटला भेटशील तेव्हा एवढं विचार: शेवटची फ्लाइट हवेमुळे किंवा ड्यूटी टाइममुळे कधी नाकारली, ओनरशी कोण बोललं, आणि त्या पायलटचं पुढे काय झालं. सिम्युलेटरला वर्षातून किती वेळा पाठवतात तेही विचार. तो पटकन एखादं उदाहरण देऊन बोलला, नाव-गाव नको, नुसतं काय घडलं ते, तर मी एक शब्द बोलणार नाही, खुशाल जा. "आमचे सर फार समजूतदार आहेत" एवढंच म्हणाला तर त्या दिवशी सही करू नकोस, आधी मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

आई